टॅपेट कव्हरला तीन आठवडे का लागले

माझ्या जुन्या मारुती झेनचे बॉनेट उघडे दिसले की पाहणाऱ्याची नजर इंजिनावरच्या काळ्या, बारीक सुरकुत्यांच्या झाकणावर जाते आणि मग ठरलेला प्रश्न येतो: "उद्यमबागेत टाकले असते तर अर्ध्या दिवसात झाले असते, तुम्ही घरी तीन आठवडे कशाला घालवलेत?" बेळगावात हा प्रश्न रास्तच आहे, कारण ओतकाम, शॉट ब्लास्टिंग (दाण्यांचा मारा करून धातू साफ करणे), पावडर कोटिंग (पावडरीचा रंग भाजून चढवणे) यांतले काहीही उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत हाकेच्या अंतरावर मिळते. तुम्हीही विचारलेत म्हणून सविस्तर सांगतो. पहिल्या खेपेस मी नेमके तेच केले होते.

गॅरेजमध्ये ज्याला टॅपेट कव्हर म्हणतात ते इंजिनाच्या हेडवरचे, म्हणजे सिलिंडरांच्या माथ्यावरच्या भागाचे, झाकण होय. आत कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) फिरत असतो, त्याच्यावरून तेल सारखे उडत असते आणि ते आतच राखणे हे या झाकणाचे उघड काम. दुसरे काम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पिस्टनच्या रिंगांवरून थोडा वायू खाली निसटतो, तो तेलाची वाफ घेऊन वर येतो आणि झाकणातल्या ब्रीदरच्या वाटेने पुन्हा इंजिनात ओढला जातो. त्या वाटेवर झाकणाच्या आतल्या अंगाला एक पत्र्याचा पडदा असतो, जो तेलाचे थेंब अडवून परत खाली सोडतो. माझ्या गाडीत हे झाकण आणि हेड यांच्यामध्ये बसणारे रबरी पॅकिंग इतकी वर्षे उष्णता खाऊन प्लॅस्टिकसारखे कडक झाले होते. तेल झिरपून तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पडे आणि सिग्नलला गाडी थांबली की आत जळक्या तेलाचा वास येई. पॅकिंग बदलायचेच आहे तर कव्हरही नवे दिसावे, एवढीच माझी हौस होती.

एका कारखान्याने ते कव्हर दुपारी घेतले आणि संध्याकाळी झळझळीत काळे करून परत दिले. मी खूश होतो. बसवण्यापूर्वी सहज कानाशी धरून हलवले तर वाळू सरकल्यासारखा आवाज आला. ब्लास्टिंगचे पोलादी दाणे त्या पडद्यामागे जाऊन बसले होते. कंप्रेसरची हवा मारली, रॉकेलमध्ये बुडवून ठेवले, उलटे करून आपटले, तरी प्रत्येक वेळी दोनचार दाणे निघतच राहिले. तसला एक दाणा तेलातून बेअरिंगपर्यंत पोहोचला तर इंजिनाचे काय होईल ते सांगायला नको. त्यातच भर म्हणजे पॅकिंग जिथे बसते त्या कडेवरही रंग चढला होता. ते कव्हर मी इंजिनावर परत बसवलेच नाही.

यात त्या कारखान्याने मुद्दाम हयगय केली असे मी म्हणणार नाही. हे गाव लोखंडाचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली इथे सायकलचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर बनवले, तेव्हापासून इथल्या हाताला बिडाची सवय आहे आणि बीड पुष्कळ सोसते. माझे कव्हर मात्र अ‍ॅल्युमिनियमचे. अ‍ॅल्युमिनियम सोसत नाही. पोलादी दाण्यांनी त्याचा पृष्ठभाग खड्ड्याखड्ड्यांचा होतो आणि लोखंडाचे सूक्ष्म कण त्यात रुतून राहतात, जे पहिल्याच पावसाळ्यात रंगाखाली गंजून तांबूस ठिपके दाखवतात. कॉस्टिक सोड्याच्या टाकीचेही तेच. बिडाच्या भागावरचे ओंगण त्यात निघून जाते आणि धातूला धक्का लागत नाही, पण अ‍ॅल्युमिनियम त्यात अक्षरशः खाल्ले जाते, फसफसून हायड्रोजन सुटतो आणि वस्तू काळपट होऊन बाहेर येते. राहिले पावडर कोटिंग. ती पावडर साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजावी लागते, आणि वीसेक वर्षे तेल प्यायलेल्या सच्छिद्र ओतीव भागातून त्या उष्णतेला वायू बाहेर पडून रंगावर फोड येतात. आधी रिकामेच भाजून तेल काढून टाकले तर ते टळते, परंतु संध्याकाळी द्यायच्या कामात तेवढी सवड कोण काढतो?

हुबळीच्या भंगारवाल्याकडून दुसरे कव्हर आणले आणि दसऱ्यानंतर, पाऊस सरल्यावर कामाला हात घातला. सह्याद्रीच्या कडेवरच्या आपल्या गावात जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की लॅकर सुकता सुकता पांढरट पडतो, म्हणून त्या चार महिन्यांत घरी रंगकाम करूच नये या मताचा मी आहे. पहिला आठवडा निव्वळ धुण्यात गेला. रॉकेल, मग भांडी घासायचा साबण व गरम पाणी, मग थिनर, आणि हाच क्रम पुन्हा. घासायला पितळी तारेचा ब्रश, पोलादी नव्हे. पडद्यामागची वंगणाची काळी घाण रॉकेलमध्ये दोन दिवस बुडवून ठेवल्यावर सुटली आणि नंतर आरपार ओतलेले रॉकेल पांढऱ्या फडक्यावर स्वच्छ दिसेपर्यंत मी थांबलो नाही. शेजाऱ्यांना हा वेडेपणा वाटला असावा. माझ्या मते मात्र सगळ्या कामात महत्त्वाचा भाग तोच, आणि बॉनेट उघडल्यावर तो कोणालाच दिसत नाही.

त्यानंतर कड. जुने पॅकिंग आणि त्यावर कोणी फासलेले सिलिकॉन मी लाकडी पट्टीने खरवडले, कारण सुरीचा एक ओरखडा म्हणजे तेलाला आयती वाट. कव्हर वाकलेले नाही ना, हे पाहण्यासाठी एका टूलरूमवाल्या मित्राच्या सरफेस प्लेटवर (अचूक सपाट पाटावर) ते पालथे ठेवून चारी बाजूंनी फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, फिरवली. मधल्या भागात किंचित फट निघाली. जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसरून, पाणी घेऊन, आठच्या आकड्यात कव्हर घासत गेल्यावर सगळी कड एकसारखी करडी झाली आणि फट गेली. हे झाल्यावर पुन्हा एकदा संपूर्ण धुणे आलेच.

रंगाचे काम त्या मानाने सोपे. पॅकिंगची कड, बोल्टांची बैठक आणि तेल ओतायच्या तोंडाचे आटे मास्किंग टेपने झाकले. बोल्टाच्या डोक्याखाली रंग राहिला तर तो दाबाने चिरडतो आणि बोल्टाची पकड सैल होते, म्हणून त्या बैठकींची विशेष काळजी घ्यावी. अ‍ॅल्युमिनियमवर रंग नुसता टिकत नाही. आधी एच (etch) प्रायमरचा, म्हणजे धातूला किंचित कोरून घट्ट धरणाऱ्या अस्तराचा, पातळ हात हवा. त्यावर रिंकल रंगाचे तीन जाड हात, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने, दर वेळी दिशा बदलून मारले. सुरकुत्या उष्णतेने उठतात, आणि घरातल्या ओव्हनकडे मी पाहूही नये असा सौभाग्यवतींचा हुकूम असल्यामुळे (तो योग्यच होता, त्या ओव्हनमध्ये पुन्हा खाण्याचे काही भाजता आले नसते) गच्चीवर भंगारातला जुना ओव्हन लावला. थिनरचा वास पूर्ण उडू दिल्यावर ९० अंशांच्या आसपास तासभर ठेवताच रंग आक्रसून सारखा झाला. उठावाच्या रेघांवरचा रंग घासून धातू उघडा केला आणि तो पावसाळ्यात मंद पडू नये म्हणून त्यावर पारदर्शक लॅकर दिला. नंतर आठवडाभर हात लावला नाही.

बसवायच्या दिवशी माझ्याबरोबर एक मेकॅनिक होता, मूळचा गोकाकचा, आपल्याकडच्या पुष्कळांसारखा एका वाक्यात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारा. हेडची कड पुसताना कॅमशाफ्टवर स्वच्छ फडके अंथरले होते. रबरी पॅकिंग कोरडेच बसवायचे असते. सिलिकॉन लागतेच तर जिथे कड सरळ न जाता अर्धगोल वळते त्या कोपऱ्यात, तेही हरभऱ्याएवढे. पॅकिंगभर सिलिकॉन फासण्याची इथे सर्रास पद्धत आहे, पण दाबल्यावर ते जितके बाहेर येते तितकेच आतही जाते, आणि आतले तुकडे सुटून तेलाच्या पंपाची जाळी तुंबवतात. बोल्टाखालची रबरे नवीच घातली. सगळे बोल्ट आधी हाताने टेकवले, मग मधून सुरुवात करून आडवेतिडवे बाहेर जात दोन फेऱ्यांत कसले. अशा सहा मिलिमीटरच्या बोल्टांना साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर कस पुरतो. अचूक आकडा त्या त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. माझ्याकडे टॉर्क रेंच असूनही शेवटच्या बोल्टाला मन न भरल्याने मी दहा नंबरचा पाना उचलला, तसा मेकॅनिक कन्नडमध्ये ओरडला, "साकु, साकु!" पुरे म्हणजे पुरे. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की नवे आटे बसवण्याचा खर्च त्या पॅकिंगच्या कित्येक पट होतो.

प्लगच्या वायरींवर आधीच क्रमांक लिहिले होते, त्यामुळे इंजिन पहिल्याच चावीला लागले. पंधरा मिनिटे चालू ठेवून बॅटरीच्या उजेडात सगळी कड पाहिली, कोरडी होती. पुढच्या रविवारी चोर्ला घाटातून गोव्याकडे जाऊन आलो आणि परतल्यावर पांढरा कागद कडेवरून फिरवला, तर एका ठिकाणी तेलाचा पुसट डाग उमटला. पॅकिंग ठीक होते. तेल ओतायच्या झाकणाची रबरी रिंग मी जुनीच ठेवली होती. ती दुसऱ्या दिवशी बदलली.