एचिझेनला कागद बघायला गेलो त्याची गोष्ट, आणि जाणाऱ्यांसाठी थोड्या टिपा

आपल्याकडचे प्रिंटमेकिंगवाले जपानला गेले की टोक्योतली म्युझियम्स, क्योतोतली कागदाची दुकानं आणि जमलंच तर मोकुहांगाचं (जपानी पद्धतीचं वुडकट) एखादं वर्कशॉप एवढं करून परत येतात. कागद जिथे बनतो तिथे फारसं कुणी जात नाही. म्हणून आम्ही (मी आणि माझी मैत्रीण, ती एचिंग करते, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छपाई, मी वुडकट, म्हणजे कोरलेल्या लाकडी ब्लॉकवरून) या वेळी एचिझेन मुख्य ठेवलं आणि बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला बसवलं. माझं मत आधीच सांगून टाकते, पाण्याच्या रंगात वुडकट करणाऱ्याने नवीन हत्यारांवर पैसे घालण्याआधी ही ट्रिप करावी.

एचिझेन शहर फुकुई प्रीफेक्चरमध्ये आहे आणि कागदाची गावं त्यातल्या इमादाते भागात, डोंगराच्या पायथ्याशी एकमेकांना चिकटून आहेत. मार्च 2024 मध्ये होकुरिकू शिंकानसेन (बुलेट ट्रेन) कानाझावाच्या पुढे त्सुरुगापर्यंत आली आणि एचिझेन-ताकेफू नावाचं नवं स्टेशन झालं, त्यामुळे टोक्योहून आता गाडी न बदलता जाता येतं. फक्त तुमची गाडी तिथे थांबते का ते नीट बघून तिकीट काढा, सगळ्या थांबत नाहीत. क्योतो-ओसाकाकडून येणार असाल तर थंडरबर्ड एक्सप्रेसने त्सुरुगाला उतरायचं, तिथून शिंकानसेनने पुढचंच स्टेशन. आता घोळ कुठे होतो तर हे नवं स्टेशन आणि गावातलं जुनं ताकेफू स्टेशन ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, चालत जाण्याइतकी जवळ नाहीत, आणि त्यात भर म्हणून एका खाजगी रेल्वेच्या स्टेशनचं नावही 2023 पर्यंत एचिझेन-ताकेफूच होतं, ते बदलून ताकेफू-शिन केलंय, त्यामुळे जुनी ट्रॅव्हल माहिती वाचून निघालात तर भलतीकडे जाल. जुन्या ताकेफूवरून जाणारी लोकल लाईन आता हापी-लाईन नावाच्या वेगळ्या कंपनीची आहे, जेआर पास (जपान रेल्वेचा टूरिस्ट पास) काढला असेल तर तो तिथे चालेल असं धरून चालू नका.

जुन्या ताकेफू स्टेशनसमोरून कागदाच्या गावाकडे बस जाते, साधारण अर्धा तास, पण बस मोजक्याच आहेत. परतीच्या बसच्या वेळेचा फोटो उतरल्या उतरल्या काढून ठेवा आणि येनची सुट्टी नाणी जवळ ठेवा. दोघं-तिघं असाल तर नव्या स्टेशनवरून टॅक्सी जास्त सोयीची. मंगळवारी मात्र जाऊ नका, त्या दिवशी सगळं बंद असतं.

बसमधून उतरलं की वाशी नो सातो, म्हणजे कागदाचं गाव म्हणून जो रस्ता केलाय त्यावर तीन जागा आहेत. पापिरस हाऊसमध्ये स्वतः कागद काढायला मिळतो, कागदाचं म्युझियम आहे, आणि उदात्सू नावाच्या एदो काळातल्या (17वं ते 19वं शतक) घरात कारागीर जुन्या पद्धतीने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं करून दाखवतात. पापिरस हाऊसची साधी अॅक्टिव्हिटी शाळेच्या मुलांसाठी आणि टूर ग्रुपसाठी आहे, लगद्यात चौकट बुडवा, वर फुलं-पानं मांडा, वाळवून घ्या. मजा येते पण प्रिंटमेकरच्या हाती त्यातून काही लागत नाही. नागाशिझुकी (चौकट हलवत थरावर थर चढवायची जपानी पद्धत) करायला मिळेल का हे आधी मेल करून विचारा, जपानी भाषांतर सोबत जोडून. ते नाहीच जमलं तर जास्तीत जास्त वेळ उदात्सूमध्ये घालवा, आम्ही तेच केलं. आत बसून नुसतं बघत राहिलं तरी कुणी उठवत नाही.

तिथे बघायचं काय ते सांगते. कोझोची (तुतीच्या जातीचं झाड) साल सोडा घालून शिजवतात, मग वाहत्या पाण्यात धुतात, आणि मग बायका पाण्यात हात घालून एकेक काळा ठिपका, सालीचा तुकडा बोटांनी वेचत बसतात. या कामाला चिरीतोरी म्हणतात. एवढं सगळं झाल्यावर कुटणं. पुढे हौदातल्या पाण्यात तोरोरो-आओई नावाच्या झाडाच्या मुळांचा चिकट रस घालतात, त्याला नेरी म्हणतात, आणि सगळी खुबी तिथे आहे. नेरीने कागद चिकटतो असं बऱ्याच जणांना वाटतं (मलाही कॉलेजात तसंच सांगितलं होतं) पण तो डिंक नाहीच. त्याने पाणी दाट होतं, त्यामुळे धागे तळाशी न बसता तरंगत राहतात आणि चौकटीच्या जाळीतून पाणी हळू निथळतं, आणि तेवढ्या वेळात कारागीर चौकट पुढे-मागे हलवून थरावर थर चढवतो आणि शेवटी उरलेलं पाणी झटक्यात पलीकडे फेकून देतो. कोझोचा धागा लांब, सरासरी सेंटीमीटरच्या आसपास, म्हणून तो या हलवण्यात एकमेकांत गुंततो. तयार झालेले ओले कागद मधे कापड न घालता थेट एकावर एक ठेवतात, दाबतात, आणि दुसऱ्या दिवशी ते एकेक करून सुटेही होतात! युरोपियन पद्धतीत प्रत्येक कागदामध्ये फेल्ट (लोकरीचं जाड कापड) लागतं, हे ज्यांनी केलंय त्यांना यातली गंमत कळेल. नेरी उष्णतेने पातळ होते, म्हणून चांगला कागद थंडीत काढतात आणि हात बर्फासारख्या पाण्यात.

गावात मागच्या बाजूला ओकामोतो-ओताकी देऊळ आहे, तिथे जाच. गोष्ट अशी सांगतात की साधारण दीड हजार वर्षांपूर्वी नदीच्या वरच्या अंगाला एक सुंदर बाई प्रकटली, म्हणाली इथे भातशेतीला जमीन कमी पण पाणी स्वच्छ आहे तर कागद करा, आणि अंगावरचं वस्त्र बांबूवर टाकून तिने कागद करायला शिकवलं. नाव विचारलं तर म्हणाली वरच्या अंगाला राहते. म्हणून ती कावाकामी गोझेन, कागदाची देवी. देवळाची आत्ताची इमारत 1843 ची आहे, छपरांवर छपरं अशी गुंतागुंतीची रचना आहे की बघत राहावं. 3 ते 5 मे ला उत्सव असतो, देवीला डोंगरावरून खाली आणून गावागावातून फिरवतात, पण तेव्हा जपानभर सुट्ट्या असतात त्यामुळे हॉटेल फार आधी बुक करा.

आता मुख्य मुद्दा, होशो. एचिझेनचा कोझोचा जाड पण मऊ कागद, उकियो-ए (एदो काळातली जपानी वुडकट चित्रं) छापायला वापरायचे तोच. इवानो इचिबेई या घराण्यातले नववे कारागीर 2000 साली लिव्हिंग नॅशनल ट्रेझर (जपान सरकार थोर कारागिरांना देतं तो मान) झाले ते याच कागदासाठी. वुडकटला हाच का, तर एका प्रिंटसाठी तोच कागद दहा-पंधरा वेळा ओल्या अवस्थेत ब्लॉकवर ठेवून बारेनने (हातात धरायची चपटी चकती) घासायचा असतो. कागद ताणला गेला तर केंतोच्या खुणा (प्रत्येक वेळी कागद त्याच जागी बसावा म्हणून ब्लॉकवर केलेल्या) कितीही नीट कोरल्या तरी रंग जुळणार नाहीत, आणि पृष्ठभाग उसवला तर लव ब्लॉकला चिकटते. होशो दोन्ही सहन करतो, शिवाय रंग वर न बसता आत मुरतो, त्यामुळे सपाट लाल किंवा निळा भागसुद्धा खोल दिसतो. वाचून हे सगळं माहीत होतं, पण एकाच ब्लॉकचे वेगवेगळ्या कागदांवरचे ठसे शेजारी ठेवल्याशिवाय पटत नाही.

म्हणून माझी सगळ्यात महत्त्वाची टीप: तळहाताएवढा कोरलेला ब्लॉक, बारेन, सुमी शाई, एक ब्रश आणि प्लास्टिकची शीट सोबत न्या. ब्लॉकवर एक बारीक रेघांचा भाग, एक सपाट भाग आणि बोकाशीला (रंग हळूहळू फिका करत नेणं) मोकळी जागा ठेवा. (कटर आणि छिन्न्या चेक-इन बॅगेतच, केबिनमध्ये नको.) दिवसा दुकानातून सुटे कागद घ्यायचे, रात्री हॉटेलात ओलवून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचे, सकाळी ठसे काढायचे. आमचा निकाल असा, साइझिंग (रंग पसरू नये म्हणून कागदाला दिलेला लेप) नसलेल्या कोझोवर पाण्याचा रंग रेघेबाहेर पसरतो पण मैत्रिणीच्या तेलाच्या शाईला तोच कागद फार छान, आणि त्यातलाच पातळ प्रकार शीन-कोलेला (छापतानाच पातळ कागद जाड कागदावर चिकटवणं). गाम्पीवर (दुसऱ्या एका झुडपाच्या सालीचा कागद) रेघ अगदी करकरीत येते, चकाकी सुंदर, पण ओला झाला की असा आकसतो की जास्त रंगांचं काम विसरा. दोसा लावलेला होशो बोकाशीला सगळ्यात भारी. दोसा म्हणजे तुरटी आणि प्राणिज सरस यांचं साइझिंग, खरेदी करताना प्रत्येक कागदाला विचारा की दोसा आहे का नाही, नुसतं बघून ओळखता येत नाही. आणि होशो नावाने बाहेर जो स्वस्त मशीनचा कागद मिळतो त्यात बऱ्याचदा लाकडाचा पल्प असतो, प्रॅक्टिसला ठीक आहे, एडिशन (क्रमांक घातलेल्या पक्क्या प्रती) काढू नका. शंभर टक्के कोझो हवा असेल तर दुकानात किझुकी होशो म्हणून मागा.

शक्य असेल तर एचिझेनच्या आधी टोक्योत मेजिरोला अडाची इन्स्टिट्यूटची शोरूम बघून घ्या. ते जुन्या उकियो-एच्या नव्या प्रती काढतात तशीच आजच्या कलाकारांसोबतही कामं करतात, जपानी चित्रकार यायोई कुसामाची फुजी पर्वताची वुडकट्स तिथलीच. आधी छापलेला होशो आणि मग हौदातून निघणारा होशो, हा क्रम बरोबर वाटला.

पण एक तक्रार आहे. गावात आणि म्युझियममध्ये कागदाकडे फार करून छपाईचा, नोटांचा (सरकारी नोटांचा कागद इथून गेलाय, त्याचा त्यांना रास्त अभिमान आहे), दारं-भिंतींचा माल म्हणून बघतात, कागद हीच कलाकृती असं थोडं कमी दिसतं. मला तिथे सारखे आपले शिल्पकार-प्रिंटमेकर सोमनाथ होर आठवत होते, सत्तरच्या दशकातली त्यांची वूंड्स मालिका, शाई नाही, ब्लॉक नाही, नुसत्या पांढऱ्या लगद्यात उठलेल्या जखमा. आणि आपल्याच प्रिंटमेकर झरीना, ज्या 1974 मध्ये टोक्योत वुडकट कलाकार तोशी योशिदांच्या स्टुडिओत वुडकट शिकल्या आणि पुढे लगदा साच्यात ओतून शिल्पासारखी कामं करायला लागल्या. म्युझियमवाल्यांनी एक दालन अशा कामांना दिलं तर काय हरकत आहे? प्रचंड आकाराचे कागद मात्र बघाच. 1926 साली वासेदा विद्यापीठातल्या भित्तिचित्रासाठी इथे पाच मीटरहून मोठा अखंड कागद काढला होता, आणि मोठे कागद काढणं आजही चालू आहे.

छोट्या मिल्स म्हणजे लोकांची घरं आहेत. दार उघडं दिसलं म्हणून आत शिरू नका, फोटोआधी विचारा, ओल्या कागदाच्या ढिगाला हात तर अजिबात नको. शाकाहारी असाल तर तिथला ओरोशी सोबा (मुळ्याचा कीस घातलेल्या गार नूडल्स) दिसायला निर्धोक आहे पण रश्श्यात मासा असतो, काहीतरी सोबत ठेवा. राहायला फुकुई शहरात हॉटेलं जास्त, आम्हाला ताकेफू शांत आणि सोयीचं वाटलं.

कागद आणताना गुंडाळी सैल ठेवा, जाड पीव्हीसी ट्यूब घरूनच न्या, दोन्ही टोकांना झाकणं, आत प्लास्टिक. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने नाव आणि दोसा आहे का नाही ते दुकानातच लिहून घ्या, घरी आल्यावर सगळे पांढरे कागद सारखेच दिसतात. गुळगुळीत बाजू कुठली तेही तिथेच विचारून खूण करा, छापायचं त्या बाजूला. कोझोची कच्ची साल आणायचा मोह होईल, पण झाडांच्या क्वारंटाइनचे नियम आधी तपासा नाहीतर एअरपोर्टवर ठेवून यावी लागेल. फेब्रुवारीत जाणार असाल तर कागद काढण्याचा ऐन सीझन मिळेल, पण फुकुईत बर्फ भरपूर पडतो, बस उशिरा येतात, तेव्हा वॉटरप्रूफ बूट घ्या आणि परतीच्या गाडीआधी एक मोकळा दिवस ठेवा.