२५० वॅटची मोटर आणि माझा अपघात दावा

इलेक्ट्रिक सायकलला नंबर प्लेट नसते, लायसन्स लागत नाही, विमा काढावा लागत नाही, म्हणून तर मी ती घेतली होती. अपघातानंतर समोरच्या मोटारीच्या विमा कंपनीने नेमकं हेच माझ्यावर उलटवलं. त्याकडे येतेच, पण आधीचे कागद कसे तयार झाले ते सांगायला हवं, कारण पुढे सगळं त्यांच्यावरच अडलं.

मला ओव्हरटेक करून एक मोटार डावीकडे वळली आणि मी तिच्यावर आदळून पडले. उजवं मनगट मोडलं, प्लेट बसवावी लागली. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि कॅप बनवते, म्हणजे पोट त्या मनगटावर.

ज्या भल्या माणसाने मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, त्याने अपघात होताना पाहिला नव्हता. कॅज्युअल्टीत विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ताई सायकलवरून पडल्या." केसपेपरवर तेच उतरलं. मोटारीचं नावच नाही! दुसऱ्या दिवशी भावाने केसपेपर वाचला आणि तसाच ड्युटीवरच्या डॉक्टरांकडे गेला. लेखी अर्ज दिल्यावर त्यांनी आधीची नोंद तशीच ठेवून खाली नवी नोंद घेतली: मोटारीची धडक, रुग्णाने स्वतः सांगितल्याप्रमाणे, तारीख, वेळ, सही. खाडाखोड करून घेतली असती तर उलटतपासात तीच गळ्याशी आली असती, हे वकिलांनी नंतर सांगितलं.

एफआयआर माझ्या जबाबावरून झाला, भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली, म्हणजे बेदरकार गाडी चालवणं आणि त्यातून झालेली दुखापत. हाड मोडलं की ती कायद्याने गंभीर दुखापतच. पंचनाम्यात मात्र हवालदारांनी नुसतं "इलेक्ट्रिक दुचाकी" लिहायला घेतलं होतं. भाऊ तिथे हजर होता. त्याने पेडल दाखवले, फ्रेम नंबर दाखवला, मागच्या चाकाच्या हबवरचा शिक्का दाखवला: ३६ व्होल्ट, २५० वॅट. ते सगळं पंचनाम्यात आलं. मोटारीचा नंबर एका दुकानदाराने टिपून ठेवला होता. एम-परिवहन ॲपवर तो टाकल्यावर विमा चालू असल्याचं दिसलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

नंबर मिळालाच नसता तर? तेव्हा हिट अँड रनची योजना उरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ प्रमाणे मृत्यू झाल्यास २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. अर्ज अपघात झाला त्या भागाच्या प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात. रक्कम तुटपुंजी आहे, पण पुष्कळांना ती आहे हेच ठाऊक नसतं. मोटार अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजनाही आता आहे, ५ मे २०२५ पासून: अपघातापासून ७ दिवस, दीड लाखापर्यंत, ठरलेल्या रुग्णालयांत. माझ्या वेळी ती नव्हती. माझं ऑपरेशन मेडिक्लेमवर झालं.

वकिलांनी पहिल्याच भेटीत विचारलं, सायकलचा ब्रेक नीट लागला होता ना? मला वाटलं हेही माझ्यावरच घसरताहेत. पण ते दुसरा दरवाजा तपासत होते. ब्रेक निकामी झाला असता किंवा बॅटरीने पेट घेतला असता, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाखाली कंपनी आणि विक्रेत्याविरुद्ध तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. माझे ब्रेक उत्तम लागले होते, त्यामुळे ती वाट सोडून आम्ही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ चा अर्ज केला.

नियमाप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, आणि तो अहवालच दावा म्हणून धरता येतो. वकील म्हणाले, त्यावर विसंबून राहायचं नाही. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात परत आली आहे. तिला आव्हान दिलेलं आहे, पण मुदतीत अर्ज टाकला तर त्या वादात शिरायचं कारणच उरत नाही. अर्ज अपघात झाला तिथेच करावा लागतो असंही नाही, आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही चालतो. प्लास्टरमधला हात घेऊन फिरणाऱ्याला हे फार मोलाचं आहे.

मग विमा कंपनीची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, आलं. त्याचा मथितार्थ असा: अर्जदार चालवत होती ती सायकल नसून मोटार वाहनच आहे, तिच्याकडे लायसन्स नाही, वाहनाची नोंदणी नाही, विमा नाही, म्हणजे ती रस्त्यावर असणंच बेकायदा, सबब अपघाताला तिचाही हातभार. मी ते वाचून आधी हसले. वकील हसले नाहीत.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम २(यू) असं सांगतो, की मोटरची ३० मिनिटांची शक्ती (सलग अर्धा तास टिकणारी) ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, शिवाय योग्य ब्रेक आणि परावर्तक असतील, तर ते मोटार वाहन धरायचं नाही. आता बघा: नियम म्हणतो "पेक्षा कमी", आणि माझ्या हबवर छापलंय बरोबर २५० वॅट. कंपनीच्या वकिलांनी त्या शिक्क्याचा फोटोच दाखल केला. ज्या शिक्क्यासाठी भावाने पंचनाम्यात धडपड केली, तोच आता आमच्या विरुद्ध वाचला जात होता.

सुटका चाचणी प्रमाणपत्राने झाली. एआरएआय, आयकॅटसारख्या संस्था मॉडेल तपासून प्रमाणपत्र देतात. त्यात ३० मिनिटांची शक्ती स्वतंत्र मोजलेली असते, आणि ती शिक्क्यावरच्या आकड्याहून कमी होती. विक्रेत्याला असं काही असतं हेच माहीत नव्हतं. उत्पादकाला ईमेलवर ईमेल टाकून प्रत मिळवली. पोलिसांकडून सोडवून आणलेली सायकल अजून तशीच ठेवली होती. मेकॅनिकने तपासून लिहून दिलं की वेगमर्यादेची वायर मूळ जागी आहे. ती वायर काढून पस्तीस-चाळीसचा वेग घेणारे खूप आहेत. त्यांची सायकल कायद्याने स्कूटरच होते, आणि धडक त्यांनी दुसऱ्याला दिली तर विम्याशिवाय सगळी भरपाई खिशातून.

वकिलांनी त्यापुढे आणखी एक मुद्दा जोडला. घटकाभर ते मोटार वाहन आहे असं मानलं, तरी लायसन्स नाही एवढ्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सुधीर कुमार राणा विरुद्ध सुरिंदर सिंग या खटल्यात हेच म्हटलं आहे. मी कशी चालवत होते ते दाखवा, काय नव्हतं ते नको. पंचनाम्यातल्या नकाशात मी रस्त्याच्या डाव्या कडेला होते, आणि मोटारीचा डावा दरवाजा चेपला होता.

खरा कस लागला तो अपंगत्वाच्या आकड्यावर. मेडिकल बोर्डाने दिलेला टक्का किरकोळ होता. कंपनी म्हणे, तेवढीच कमाई गेली. पण राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही वेगळे केले आहेत: शरीराचा टक्का एक, आणि त्या माणसाच्या कामावर झालेला परिणाम दुसरा. उलटतपासात मला कागदावर सही करायला सांगितलं. मी केली. "म्हणजे हात चालतो." हो, चालतो. फेरतपासात आमच्या वकिलांनी मेणाची कॅप आणि कोरायचं हत्यार पुढे ठेवण्याची परवानगी मागितली. दाढेच्या खाचा कोरताना हत्यार चिमटीत धरून मनगट बारीक बारीक फिरवावं लागतं. माझं मनगट एका ठिकाणी येऊन अडतं आणि मग मी सगळा खांदा फिरवते. न्यायाधीश साहेबांनी ते पाहिलं आणि "मनगट पूर्ण फिरत नाही, खांदा वापरते" असं स्टेनोला सांगितलं. लॅबच्या मालकांनीही येऊन साक्ष दिली की नाजूक काम आता दुसऱ्याकडे जातं आणि माझा पगार का घटला. पगाराच्या स्लिपा मी आधीपासून जपल्या होत्या, नाहीतर त्या साक्षीला आधार राहिला नसता.

मेडिक्लेमने भरलेला दवाखान्याचा खर्च भरपाईतून वजा करा, अशीही मागणी होती. सुनावणी चालू असतानाच, मार्च २०२५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तशी वजावट करता येत नाही असा निर्णय दिला. कंपनीने तो मुद्दा गुपचूप सोडला.

लोकअदालतीत बसण्याचा प्रस्ताव आधीही आला होता, साक्षीपुरावा होण्यापूर्वी. तेव्हाची रक्कम ऐकून मी उठून आले. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, त्यामुळे तिथे "बघू, सध्या घेऊन टाकू" हा हिशेब चालत नाही. साक्षी झाल्यानंतर मात्र कंपनीचा सूर बदलला आणि आकडा वकिलांच्या अंदाजाजवळ आला, तेव्हा मी सही केली. वकिलांची फी आधीच ठरलेली होती. मिळणाऱ्या रकमेत टक्का मागणारे सुरुवातीला दोघे भेटले होते. बार कौन्सिलचे नियम अशी फी चालू देत नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण तो सूरच आवडला नाही म्हणून मी निघून आले होते.

रकमेचा एक भाग हातात मिळाला, बाकीची बँकेत मुदत ठेव. सायकलच्या दुरुस्तीचे पैसेही त्याच तडजोडीत आले, घसारा कापून. बॅटरीचे आले नाहीत, कारण ती अपघातात फुटली हे दाखवणारी ओळ पंचनाम्यात नव्हती.