आमची वाटचाल : हप्ता मंगळवारचा, पैसा दीड महिन्याचा

सासूबाईंची चामडं कापायची रापी अजून माझ्या पेटीत आहे. दगडावर घासून घासून पातं बोटभर उरलंय, पण मूठ तीच. निपाणीजवळच्या आमच्या घराच्या सोप्यात त्याच रापीवर चपलांचा धंदा उभा राहिला. आमचे हे तळ कापायचे, ठोकायचे; मी आणि जाऊबाई वेण्या घालायचो. माल कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात, जायचा आणि तिथं पोचला की त्याचं गाव पुसलं जायचं. आमच्या बोटांना पडलेले घट्टे बेळगाव जिल्ह्याचे, नाव कोल्हापूरचं. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव कुठल्या भागातल्या मालाला लावायचं ते ठरलं. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे, बेळगावसुद्धा. तेव्हा कुठं कागदावर आम्हीही कोल्हापुरी झालो.

त्याआधीची बाकी वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते २०१६ चं.

आम्ही दहा बायकांनी गट करून कर्ज घेतलं होतं. बँकेचा अर्ज कन्नडात, मी मराठी शाळेची. गटाला कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस मात्र घरी येऊन मराठीत बोलायचा. तिथंच आम्ही फसलो म्हणा. पंचवीस हजार, आठवड्याला साडेपाचशेच्या वर हप्ता, दर मंगळवारी, आणि एकीचा चुकला तर नऊजणींनी भरायचा. चामडं रोखीनं घ्यायचं. ते भिजवायचं, कापायचं, ठोकायचं, वेणी, वादी, पॉलिश. मग दुकानदाराकडं माल, आणि पैसे दीड महिन्यानं. पावसाळ्यात तर चामडी चप्पल कोण घेतंय? हप्ता मात्र चौमासा बघत नाही.

त्या वर्षीचा दिवाळीचा माल गेला होता, पैसे यायचे होते. ८ नोव्हेंबर मंगळवारच. सकाळी हप्ता भरला, रात्री आठ वाजता पाचशे-हजारच्या नोटा बाद. दुकानदार म्हणाले, जुन्या नोटा घ्या नाहीतर थांबा. पुढच्या मंगळवारी कंपनीचा माणूस म्हणाला, जुन्या चालणार नाहीत. आमच्यातल्या एका आक्काचा नवरा आजारी. तिच्याकडं काहीच नव्हतं. तो माणूस आमच्या सोप्यात साडेनऊपर्यंत बसून राहिला. चहा मीच दिला त्याला, दोनदा. आम्ही नऊजणींनी पिशव्या झाडून तिचा हप्ता भरला. पुढच्या आठवड्यात परत तेच. तिसऱ्या आठवड्यात दोघी एकमेकींच्या अंगावर गेल्या. आक्का शेळी विकून इचलकरंजीला निघून गेली, जाताना माझ्याशी बोललीसुद्धा नाही. गट तिथंच संपला.

वाचवलं ते अण्णांनी. चप्पल लाईनीत त्यांचं दुकान, जुनं गिऱ्हाईक. शंभराच्या नोटांचं पुडकं पंचाच्या गाठीत बांधून एसटीनं निपाणीला आले, स्टँडवरच मोजून दिलं. म्हणाले, "पुढच्या मालाचं चामडं मी घेऊन देतो, हिशोबात वळतं करू." व्याज नाही, मंगळवार नाही. त्यांनी घातलेली अट एकच, वेणी सैल चालणार नाही. एकदा बोटानं ताणून बघून पाच जोड परत पाठवले होते, तेव्हा मी रडले होते. आता माझ्याकडं येणाऱ्या पोरींना मी तसंच ताणून दाखवते.

मुलगी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं शिक्षण, करते. गरीब बायकांना असंच गटानं कर्ज देणाऱ्या बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेबद्दल तिच्याकडूनच कळलं. १९८३ मध्ये बँक झाली, २००६ मध्ये नोबेल मिळालं. कोलकात्याचा एक प्रयोगही तिनं वाचून दाखवला. कर्ज घेतलेल्या काही बायकांना पहिला हप्ता दोन आठवड्यांनी, काहींना सवलत देऊन दोन महिन्यांनी. सवलतवाल्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला, तीन वर्षांनी नफाही जास्त दिसला. बुडवणाऱ्याही त्यांच्यातच जास्त निघाल्या, हेही खरं. पण हे कळायला कोलकात्याला कशाला जायला पाहिजे? आमच्या सोप्यात बसले असते तर कळलं असतं.

आणि ती मशीन! एका संस्थेनं फीत कापून शिवणयंत्र दिलं, फोटो काढले. खऱ्या कोल्हापुरीला हातानं चामड्याची वादी ओवावी लागते. यंत्राचं करायचं काय? त्यावर आता आमची मांजर झोपते. गरिबाला शिकवायला निघालेल्यांनी आधी एवढंच विचारावं, माल घेणार कोण आणि पैसे कधी देणार. आणि नव्यानं धंद्यात पडणाऱ्या बायांनो, हप्त्याचा वार ठरवायच्या आधी स्वतःच्या पैशाचा वार बघा. उधारीची वही वेगळी ठेवा, नवऱ्याच्या हाती देऊ नका. (आमचे हे वाचतील, वाचू देत.)

आता माझ्यासोबत चौदा बायका आहेत, कर्ज एकाच बँकेचं, तेही माल गेल्यावर फेडायचं. अण्णा गेले. दुकान मुलगा बघतो, तोही जोड हातात घेतला की आधी वेणी ताणतो. सध्या पाऊस आहे, विक्री नाही. दिवाळीच्या चामड्याचा पहिला गठ्ठा कालच आला, सकाळी भिजत घातलाय.