सेल्फ लागत नाही, तेव्हा बॅटरी बदलण्याआधी

ठाण्यात पावसाळा सुरू झाला की घोडबंदर रस्त्यालगतच्या सोसायट्यांत उघड्यावर उभ्या असलेल्या मोटारसायकलींचा सेल्फ लागेनासा होतो आणि ‘बॅटरी गेली’ असे ठरवून अनेकदा चांगली बॅटरी बदलली जाते. माझे आग्रहाचे सांगणे असे की, खर्च करण्यापूर्वी बटण दाबल्यावर काय ऐकू येते याकडे नीट लक्ष द्यावे.

लागोपाठ टकटक आवाज येत असेल, तर रिलेपर्यंत, म्हणजे सेल्फच्या मोटरला बॅटरीची वीज जोडणाऱ्या स्विचपर्यंत, वीज पोचते, परंतु त्या मोटरचा भार येताच व्होल्टेज कोसळते. एकदाच ‘टक’ होऊन पुढे काही घडत नसेल, तर रिलेचे आतले पॉइंट जळलेले असतात किंवा मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन झिजलेले असतात. अजिबात आवाज नसेल, तर फ्यूज, किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करण्याचा स्विच), क्लचचा स्विच आणि साइड स्टँडचा स्विच आधी पाहावेत. यांतले शेवटचे दोन चिखलपाण्याने हमखास दगा देतात. मोटर फिरते पण इंजिन फिरत नाही, असे असेल तर दोष मोटरची फिरकी इंजिनला देणाऱ्या वन-वे क्लचचा असतो आणि तेथे बॅटरी बदलून काहीही साधत नाही.

पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी स्थिर असताना साधारण १२.६ व्होल्ट किंवा थोडे अधिक दाखवते, परंतु हा आकडा एकटा फसवा असतो. मल्टिमीटर बॅटरीच्या टर्मिनलांवरच ठेवून बटण दाबावे. व्होल्टेज १० च्या बरेच खाली गेले, तर बॅटरीवर संशय घेणे योग्य आहे. ते १० च्या वर टिकूनही मोटर मंद फिरत असेल, तर मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि दुसरी मोटरच्या उघड्या धातूला लावून पुन्हा बटण दाबावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून गाडीच्या धातूला जाणाऱ्या, केबलचा जोड गंजलेला किंवा सैल आहे. आमच्याकडच्या दमट हवेत हा दोष मला सर्वाधिक आढळतो आणि तो पॉलिश पेपर व पाना यांनी सुटतो. जोड सोडवताना मात्र निगेटिव्ह तार आधी काढावी.

गाडी सुरू झाल्यावर एक्सलरेटर थोडा वाढवून बॅटरीवर पुन्हा मीटर लावावे. व्होल्टेज सुमारे १३.५ ते १४.५ पर्यंत चढले नाही, तर चार्जिंगच्या बाजूला बिघाड आहे आणि नवी बॅटरीही लवकरच उतरेल.