मिरजेतले वेटिंग हॉल आणि आमची फर्म

डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय काढलं. आजही बेळगाव, विजापूरकडचा पेशंट मिरजेच्या ओपीडीत येतो आणि तासन् तास बसतो. त्या बसलेल्या माणसासाठी आम्ही टीव्ही लावतो. दुकानात टीव्ही विकणारे पुष्कळ आहेत, आमचं काम वेगळं आहे.

सुरुवात डबा टीव्हीपासून. माझे भागीदार मूळचे फॅब्रिकेशनवाले. एकवीस इंची पिक्चर ट्यूबचं वजन भिंतीवर पेलायचं म्हणून अँगलचा स्टँड ते स्वतः वेल्डिंग करायचे, पुढून पट्टी मारायचे, रेड ऑक्साइडचा हात द्यायचे. त्यांचा एकही स्टँड कधी भिंतीतून सुटला नाही. आजच्या रेडिमेड ब्रॅकेटचा पत्रा बघून त्यांना राग येतो, आणि तो रास्त आहे. विटा पोकळ असतील तर साधा फास्टनर मारूच नका, मागून प्लाय द्या.

पण आम्हाला धंदा शिकवला तो डोळ्यांच्या एका डॉक्टरांनी. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की पेशंट वीस-तीस मिनिटं डोळे मिटून बसतो. नंतरही जवळचं धूसर दिसतं, उजेड टोचतो. डॉक्टर म्हणाले, “अहो, माझ्या पेशंटला तुमचं चित्र दिसतच नाही. त्याला त्याचा रांगेतला नंबर कळला पाहिजे.” मग काळ्या पडद्यावर पिवळे ठसठशीत आकडे केले, ब्राइटनेस उतरवला आणि नंबर मराठीत व कन्नडमध्ये बोलता केला. कन्नड आवाज त्यांच्याच दवाखान्यातल्या कागवाडच्या सिस्टरांचा. त्या दिवसापासून “माझा नंबर गेला का हो?” म्हणून काउंटरवर होणारी गर्दी हटली. नंबर मोठा, बाकी सगळं नंतर, हा आमचा नियम तिथून आला.

आणि मग फुकटवाले आले. बाहेरची एक कंपनी. त्रेचाळीस इंची पॅनेल फुकट, बसवणं फुकट, वर दवाखान्याला महिन्याला थोडे पैसे. बदल्यात दिवसभर त्यांच्या जाहिराती. नंबर कुठे? खाली कोपऱ्यात, बोटाएवढा. ज्यांच्याकडे रात्री दहाला शिडी घेऊन गेलो, त्यांनी फोनवर दोन वाक्यांत आमची एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) बंद केली. “फुकट मिळतंय, तुम्हीच सांगा आम्ही काय करायचं?” मी काय सांगणार? पतसंस्थेचा हप्ता थकला, निम्मं दुकान भाड्याने दिलं. भागीदारांनी हिस्सा मागितला नाही, उलट शेतीच्या गेटांची कामं घेऊन आमच्या पोरांचे पगार काढले. हे मी जाहीरपणे लिहितोय, कारण त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

मार्च २०२०मध्ये लॉकडाऊन लागला. हॉलमधल्या खुर्च्या उचलल्या गेल्या, पेशंट अंगणात, रिक्षात बसू लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांचा पहिला फोन आम्हालाच: नंबर बाहेर दिसला पाहिजे. खिडकीच्या काचेआड पडदा बाहेर तोंड करून लावला, पोर्चमध्ये हॉर्न स्पीकर टांगला. ते बघून बाकीच्यांनी बोलावलं. तोवर जाहिराती आटल्या होत्या आणि फुकटचे पडदे काळे पडले होते. पॅनेल लॉक केलेलं, त्यामुळे दवाखान्याला स्वतःचं काही लावताही येईना. लोक परत आले. दिलगिरीचा शब्द कुणाकडून नाही, शिवाय “तो जुना टीव्ही जाता जाता उतरवून द्या” हे वर.

नव्याने हॉल करणाऱ्यांना सांगतो. खिडकीसमोर टीव्हीचा पडदा नको. बातम्यांचं चॅनल लावायचंच तर आवाज बंद. घरगुती डीटीएच कनेक्शन दवाखान्यात चालवू नका. दहा-पंधरा मीटरपुढे एचडीएमआय केबल ओढण्यापेक्षा कॅट-सिक्स या नेटवर्क केबलवर एक्स्टेंडर टाका. घरचा टीव्ही स्वस्त पडतो, पण वॉरंटी कार्डावर व्यावसायिक वापराबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तो फरक बिलात दिसतोच, आमच्या मजुरीतून आणखी कापायला सांगू नका.

फुकट पडदा घ्यायचाच असेल तर पॅनेल कुणाच्या मालकीचं, नंबर किती मोठा दिसणार आणि बंद पडलं तर कोण येणार, हे करारात लिहून घ्या. मिरज-सांगलीत आम्ही त्याच दिवशी येतो. एएमसीचा दर सगळ्यांना एकच आहे, सोडून जाऊन परत आलेल्यांनाही.