निशाणी ५ आणि पिशवीतली 'क' प्रत

पेरणीच्या तोंडावर एका सकाळी साठी ओलांडलेले एक शेतकरी, आबा, माझ्या वकिलीच्या कार्यालयात आले, तेव्हा शेजाऱ्याने आणलेला जेसीबी त्यांच्या पूर्वेच्या बांधावर उभा होता आणि बांधाचा थोडा भाग फोडूनही झाला होता. आजच्या आज 'स्टे' मिळवून द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

नुसता अर्ज देऊन असा हुकूम मिळत नाही. आधी विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३८ प्रमाणे निरंतर, म्हणजे कायमच्या, मनाईचा दावा दाखल करावा लागतो आणि त्या दाव्यात, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली, तूर्तातूर्त, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, मनाईचा अर्ज द्यावा लागतो. आमच्या न्यायालयांत या अर्जावर बहुधा निशाणी ५, म्हणजे दाव्याच्या कागदांतला पाचवा क्रमांक, पडते. सातबारा, आठ-अ, फेरफार आणि सकाळीच मोबाइलवर काढलेले फोटो आबांनी आणले होते. प्रश्न मिळकतीच्या वर्णनाचा होता. गट नंबर आणि चतुःसीमा लिहिल्या की काम भागते असे पक्षकारांना वाटते. परंतु येथे वाद सगळ्या गटाचा नसून बांधालगतच्या चिंचोळ्या पट्ट्याचा होता, आणि ज्या हुकमावरून नेमकी जागा कळत नाही तो अमलात आणताना निरुपयोगी ठरतो. म्हणून तो पट्टा अ, ब, क, ड अक्षरांनी दाखवणारा हातनकाशा दाव्याला जोडला.

कागद चाळताना आबांच्या पिशवीच्या तळाशी घडी घातलेली मोजणीची 'क' प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा हद्द दाखवणारा नकाशा, निघाली. शेजाऱ्याने पूर्वी करून घेतलेल्या त्या मोजणीत सुमारे दोन गुंठ्यांचा वादाचा पट्टा शेजाऱ्याच्या हद्दीत दाखवला होता.

"साहेब, हा कागद आपल्याविरुद्ध जातोय. कशाला दाखवायचा?"

"आबा, आज समोरचा माणूस कोर्टात नाही, म्हणून त्याची बाजूसुद्धा आपल्यालाच सांगावी लागते."

त्यांना हे पटले नाही, आणि पक्षकाराच्या जागी मी असतो तर मलाही चटकन पटले नसते. परंतु आदेश ३९ च्या नियम ४ चे परंतुक (नियमाला जोडलेली अट) स्पष्ट आहे: विरुद्ध पक्षाला नोटीस न देता मिळवलेल्या मनाईत महत्त्वाच्या बाबीवर जाणूनबुजून खोटे किंवा दिशाभूल करणारे कथन केलेले आढळले, तर न्यायहितासाठी तसे करणे आवश्यक नाही अशी कारणे नोंदवल्याखेरीज न्यायालयाला ती मनाई उठवावीच लागते. म्हणून दाव्यात स्वतंत्र परिच्छेद घातला. त्यात मोजणी झाल्याचे मान्य केले, तिची नोटीस वादीला मिळाली नसल्याचे लिहिले आणि मोजणीनंतरही पट्टा वादीच्याच वहिवाटीत असल्याचे मांडले. खरा आधार या शेवटच्या वाक्याचा होता, कारण स्थिरावलेला ताबा खुद्द मालकालाही कायदेशीर मार्गानेच काढावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने रामे गौडा प्रकरणात सांगितलेले आहे.

शेजाऱ्याने कॅव्हेट, म्हणजे आपले ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा आगाऊ अर्ज, दाखल केलेले नाही याची खात्री करून घेतली, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर अर्ज पुकारला गेला. न्यायाधीशांचा पहिला प्रश्न अपेक्षित होता: नोटीस का काढू नये? नोटीस हाच नियम असून ती टाळायची तर कारणे नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या शिवकुमार चड्ढा प्रकरणापासून, म्हणजे १९९३ पासून, पक्के आहे. नोटीस बजावेपर्यंत बांध उरणार नाही, हे फोटोंवरून दिसत होते. मग त्यांनी मोजणीचा परिच्छेद वाचून विचारले, "मग ताबा कशावरून?" मी पीकपाहणीच्या नोंदी दाखवल्या आणि एका फोटोकडे लक्ष वेधले. त्यात जेसीबीच्या दात्यांपुढे, अगदी बांधाच्या पायथ्यापर्यंत, आबांच्या रब्बी ज्वारीचे धसकट ओळीने उभे होते. पुढील तारखेपर्यंत बांधाला हात लावू नये, असा हुकूम झाला.

आबांना हुकमाची नक्कल घेऊन तडक पोलीस ठाण्यात जायचे होते. मी त्यांना आधी पोस्टात नेले. नियम ३ प्रमाणे अर्ज, प्रतिज्ञापत्र, दावा आणि आधाराच्या कागदांच्या प्रती हुकूम झाल्याबरोबर विरुद्ध पक्षाला द्याव्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवाव्या लागतात, आणि तसे केल्याचे प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करावे लागते. ते दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या पावतीसह दाखल झाले.

पुढील तारखेला शेजाऱ्याच्या वकिलांनी मनाई उठवण्याचा अर्ज दिला. वादीने मोजणी लपवली आणि प्रती पाठवल्या नाहीत, असे त्यात म्हटले होते आणि सोबत तीच 'क' प्रत जोडली होती. दावा न वाचता अर्ज लिहिला की असे होते. न्यायाधीशांनी दाव्यातला परिच्छेद आणि पोस्टाची पावती त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा त्यांनी हा मुद्दा सोडून गुणदोषांवर युक्तिवाद केला.

निशाणी ५ चा अंतिम आदेश आमच्या बाजूने झाला, पण पूर्णपणे नाही. प्रथमदर्शनी ताबा वादीचा मानून बांधाला संरक्षण मिळाले; मात्र दाव्याचा निकाल लागेपर्यंत वादीनेही त्या पट्ट्यात विहीर खोदू नये किंवा बांधकाम करू नये, अशी अट पडली. संयुक्त मोजणीसाठी कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज प्रतिवादीने दिला आणि आम्ही त्याला हरकत घेतली नाही. विहिरीची अट आबांना फार लागली आणि एवढ्यासाठी वर अपील करता येईल का, असे त्यांनी विचारले. करता येते, पण करू नका, असे मी सांगितले.