पहिली बातमी आणि चाळीस वर्षांनंतरचा कागद

परराष्ट्र घडामोडींचा वार्ताहर आणि लष्करी इतिहासाचा अभ्यासक, अशी माझी ओळख करून दिली जाते. ऐकायला भारदस्त वाटतं, पण या दोन कामांचं आपसात फारसं पटत नाही. बातमी आज रात्री द्यायची असते. इतिहासकाराला दप्तरखाना उघडेपर्यंत थांबावं लागतं.

शाळेत पानिपत शिकवताना सरांनी काशीराजाची बखर काढली होती. तो अब्दालीच्या बाजूने असलेल्या अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौलाच्या पदरी होता, 1761 साली छावणीत हजर होता. लिहिलं मात्र 1780 च्या सुमारास. "लिहिणारा कुठे उभा होता, आणि लिहिलं केव्हा?" सर विचारायचे. आम्हाला मार्क हवे होते, त्यामुळे तेव्हा या प्रश्नाचा कंटाळाच यायचा.

पुढे व्हिएतनामलगतच्या टोंकिनच्या आखाताचे कागद वाचताना तो प्रश्न कामी आला. 2 ऑगस्ट 1964 रोजी उत्तर व्हिएतनामच्या टॉर्पेडो बोटींची अमेरिकेच्या 'मॅडॉक्स' या विनाशिकेशी खरोखरच चकमक झाली. 4 तारखेच्या रात्री दुसऱ्या हल्ल्याची बातमी आली. अध्यक्ष जॉन्सन यांनी ती दूरचित्रवाणीवरून सांगितली, वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर छापली आणि 7 तारखेला अमेरिकी काँग्रेसने त्यांना लष्करी कारवाईची मोकळीक दिली. हा दुसरा हल्ला झालाच नव्हता. खराब हवामान, रडारवरच्या फसव्या खुणा आणि 'सोनार' या पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्राला कान लावून बसलेल्यांचा अतिउत्साह, असा तो प्रकार. तिथले कॅप्टन हेरिक यांनी त्याच दिवशी शंका कळवली होती! अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतल्या इतिहासकाराने गुप्त संदेश पुन्हा तपासून केलेला अभ्यास लोकांपुढे आला तो 2005 मध्ये. सोयीचे तेवढे संदेश वर पाठवले गेले होते, असं त्यात दिसतं.

त्या रात्री बातमी देणाऱ्यांना मी दोष देत नाही. भर समुद्रात अंधारात काय झालं, हे ते कुणाला विचारणार होते? पण 'अमेरिकी संरक्षण खात्याच्या म्हणण्यानुसार' एवढं लिहिणं त्यांच्या हातात होतं. उपसंपादकांशी माझे सर्वाधिक खटके याच शब्दांवरून उडाले. मथळ्यात बसत नाहीत, ही त्यांची तक्रार. आणि ती खोटी नाही. म्हणून आता तडजोड ठरली आहे: मथळा त्यांचा, पहिलं वाक्य माझं.